जावईबापूंनी डिस्क बसवली

"दहा मिनिटांचं काम आहे," जावईबापू म्हणाले.

हे वाक्य ज्या घरात उच्चारलं जातं, त्या घराचा तो दिवस वाया गेलाच म्हणून समजा. पण बायको दारात उभी होती, एक बूट पायात होता, दुसरा सापडत नव्हता आणि वाद घालायला तिच्याकडे वेळ नव्हता.

"लॅपटॉप दुकानात देऊ या ना, अहो. तो माणूस करून देतो म्हणालाय."

"तो दोन दिवस ठेवून घेणार, आणि तुला पाठवायचंय आज. चार स्क्रू काढायचे, जुनी डिस्क उपसायची, नवी खुपसायची. जुनीवरचं सगळं काल संध्याकाळीच नवीवर उतरवून ठेवलंय मी. आता नुसती अदलाबदल."

"संध्याकाळी काम गेलं नाही तर पुढचं दुसऱ्याला देणार आहेत. तसं स्पष्ट सांगितलंय त्यांनी. घर त्याच्यावर चाललंय."

शेवटचं वाक्य तिच्या तोंडून निसटलं. ते निसटल्याचं तिलाही कळलं आणि जावईबापूंनाही कळलं. मग दोघांनी मिळून बूट शोधला.

जावईबापूंना खरं तर एक नाव होतं. पण सासरे राहायला आले आणि दिवसभर "जावईबापू, जावईबापू" अशा हाका सुरू झाल्या, तशी शेजारीपाजारीही त्यांना त्याच नावाने ओळखू लागले. ते नाव परत मिळवायची त्यांची इच्छा होती, पण नोकरी गेल्यावर तेवढा जोर उरला नाही. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी कपडे धुण्याची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीच्या तक्रार विभागात, कानाला फोन लावून काढली होती. यंत्र कुठलंही असो आणि रडगाणं कुठलंही असो, त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं: मशीन बंद करा, थोडं थांबा, पुन्हा चालू करा. मग कंपनीने हे वाक्य एका यंत्राला शिकवलं आणि जावईबापूंनाच बंद केलं. पुन्हा चालू काही केलं नाही.

तेव्हापासून ते रोज सकाळी दाढी करत, इस्त्रीचा शर्ट घालत आणि जेवणाच्या टेबलाशी येऊन बसत. कुठेही न जाण्यासाठी एवढी तयारी करणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. बायको त्यावर कधी काही बोलली नाही. बोलली असती तर बरं, असं त्यांना वाटायचं.

ती औषधांच्या पत्रकांची भाषांतरं करायची. गोळ्यांच्या खोक्यात घडी घालून कोंबलेला, मुंगीएवढ्या अक्षरांचा कागद असतो ना, जो कोणीही वाचत नाही, तो ती दिवसरात्र वाचायची. त्यामुळे घरात कोणी शिंकलं की तिच्या तोंडून औषधाआधी त्याचे दुष्परिणाम बाहेर पडायचे. काम गुप्त असल्यामुळे इंटरनेटवर कुठेही साठवायचं नाही, अशी औषधकंपनीची अट होती. जे काही होतं ते त्या एका लॅपटॉपमध्ये होतं आणि लॅपटॉप म्हातारा झाला होता. एक पान उघडायला सांगितलं की तो असा विचारात पडायचा की माणसाने तोवर अंघोळ उरकून यावं. शेवटची दोन पानं त्याच्यावर पुरी होणं शक्य नव्हतं, म्हणून ही नवी डिस्क.

आता तुमच्या लक्षात आलं असेल की जावईबापूंना फक्त डिस्क बसवायची नव्हती. या घरात आपण अजून काहीतरी दुरुस्त करू शकतो, एवढंच त्यांना एकदा दाखवून द्यायचं होतं. बायको गेली, दार लागलं, आणि त्यांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या.

घरात तिसरा माणूस होता तो म्हणजे सासरे. त्यांना दोघंही बाबा म्हणत. बाबांनी आयुष्यभर ग्रंथालयात पुस्तकांना कव्हरं घातली होती. त्यांनी कव्हर घातलं की कागद कुठे संपतो आणि प्लास्टिक कुठे सुरू होतं ते सांगता येत नसे. गेल्या हिवाळ्यात सासूबाई गेल्या आणि बाबा इकडे आले. आल्यावर काही दिवस नुसते बसून राहिले. मग एका सकाळी त्यांनी टीव्हीच्या रिमोटला कव्हर घातलं. नंतर चष्म्याच्या घराला, छत्रीच्या मुठीला, औषधांच्या बाटल्यांना. दारावरच्या बेलच्या बटणालाही त्यांनी जाड पिशवी चढवली. पाहुणे बिचारे पिशवी दाबून दाबून परत जात.

इथवर ठीक होतं. पण गेल्या आठवड्यात त्यांनी लेकीची कामाची खुर्ची गुंडाळली. ती घाईत येऊन बसली आणि सरळ घसरून जमिनीवर आली. मग ती जे बोलली, ते तिने बोलायला नको होतं.

"बाबा, आई गेल्यापासून तुम्हाला वेड लागलंय. माझ्या वस्तूंना पुन्हा हात लावू नका."

बाबा उठले. ते खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले. जेवायला बोलावलं की "भूक नाही." ती न्हाणीघरात नळ सोडून रडली आणि जावईबापू दोन बंद दारांच्या मधे, हातात कालवणाचं भांडं घेऊन उभे राहिले. आत्ता कुठे दोन दिवसांपासून बाबा टेबलावर येऊन चार घास खाऊ लागले होते.

तर जावईबापूंनी काम सुरू केलं. आदल्या दिवशी पाहिलेल्या व्हिडिओत बजावलं होतं की लोकरीचे आणि चकचकीत कापडाचे कपडे अंगावर नकोत, अंगातली वीज डिस्कला मारते. म्हणून त्यांनी स्वेटर उतरवला, शर्टही उतरवला. बाहेर ढगाळ, कुंद दिवस होता आणि खिडकीच्या काचेला ओल आली होती. बनियनवर, अंगावर काटा आणून, त्यांनी लॅपटॉप पालथा घातला.

स्क्रू निघाले. झाकण निघालं. जुनी डिस्क निघाली. च्युइंगगमच्या पट्टीएवढी ती वस्तू, एका टोकाला सोनेरी दातांची रांग. त्या सोनेरी टोकाला बोट लावायचं नाही, हेही व्हिडिओत होतं. त्यांनी ती बशीत ठेवली आणि कालपासून टेबलावर असलेली नवी उचलली. तिरकी घातली, आडवी दाबली, स्क्रू आवळला. जरा घट्ट गेली.

"नव्या चपलेसारखं आहे, बाबा. आधी थोडी चावणारच," ते म्हणाले. बाबा समोर बसून निघालेले स्क्रू एका छोट्या पिशवीत भरत होते.

लॅपटॉप सुरू केला. काळ्या पडद्यावर एकच ओळ उमटली: डिस्क सापडली नाही.

"लागली का?" बाबांनी विचारलं.

"लागेल."

"दिसत नाही म्हणतोय ना तो?"

"दिसेल."

"मोतीबिंदू असेल. माझं असंच झालं होतं. डॉक्टर पुढ्यात उभा आणि मला दिसेना."

जावईबापूंनी लॅपटॉप बंद केला, थोडं थांबले, पुन्हा चालू केला. एवढी वर्षं जो मंत्र त्यांनी जगाला दिला, तो त्यांच्याच घरात चालला नाही. मग त्यांनी मशीनच्या पोटातलं सेटिंगचं पान उघडलं. तिथे बॅटरी दिसत होती, पंखा दिसत होता, मशीन बनवल्याची तारीखसुद्धा दिसत होती. डिस्कच्या नावापुढे मात्र एक आडवी रेघ होती. त्यांनी डिस्क काढली, सोनेरी टोकावर फुंकर मारली, परत बसवली. रेघ. पुन्हा काढली, मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं, पुन्हा बसवली. पुन्हा रेघच.

मग त्यांना काल वापरलेली डबी आठवली. तिच्यात डिस्क घालून वायरने दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडता येते. काल ती डबी लॅपटॉपला जोडूनच त्यांनी सगळं उतरवलं होतं, आणि नीट उतरलं का ते बघायला शेजाऱ्यांचा कॉम्प्युटर मागून आणला होता; तो अजून परत द्यायचा होता. त्यांनी नवी डिस्क डबीत घातली. काल या डबीवर कसा टपोरा निळा दिवा लागला होता. आज लागला नाही.

आता मात्र त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी मोबाईल घेतला आणि डिस्क बनवणाऱ्या कंपनीला फोन लावण्यासाठी बाल्कनीत गेले, कारण बाबांसमोर गयावया करायची त्यांना लाज वाटत होती.

फोनवर आधी यंत्र आलं. यंत्राने सांगितलं की तुमचा फोन आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाचा आहे. मग बराच वेळ बासरी. मग यंत्र म्हणालं, कृपया आपली अडचण थोडक्यात सांगा.

"डिस्क दिसत नाही."

"मशीन बंद करा," यंत्र म्हणालं. "थोडं थांबा. पुन्हा चालू करा."

जावईबापूंनी डोळे मिटून घेतले. आपल्याच तेराव्याच्या पंगतीला वाढपी म्हणून उभं राहावं, तसं त्यांना वाटलं. पुन्हा बासरी. थंडीने बोटं आखडली. शेवटी एकदाची एक मुलगी बोलली, जिवंत, थोडी सर्दी झालेली.

"सर, तुमच्याशिवाय डिस्कला आणखी कोणी हात लावला आहे का?"

हा प्रश्न जावईबापूंच्या ओळखीचा होता. तक्रार विभागात सगळ्यांत आधी हाच विचारायचा असतो आणि ग्राहक सगळ्यांत आधी इथेच फसवतो. पण ग्राहकाच्या जागेवर बसलं की माणसाची अक्कल काय चरायला जाते कोण जाणे.

"नाही, नाही," ते जरा कडकपणे म्हणाले. "मी स्वतः याच क्षेत्रातला माणूस आहे."

"ठीक आहे, सर," मुलगी म्हणाली. हा सूरही त्यांच्या ओळखीचा होता. सर्वज्ञ ग्राहकांसाठी तो राखून ठेवलेला असतो. "मग जुनी डिस्क परत बसवून बघा, सर. ती दिसली तर मशीन चांगलं आहे आणि आमची डिस्क बदलून देऊ. ती दिसली नाही तर मशीनच गेलंय."

हे पटण्यासारखं होतं. ते आत आले, बशीतली जुनी डिस्क उचलली आणि तिच्या जुन्या जागी बसवली. म्हातारी का असेना, घरची होती. आज सकाळपर्यंत चालत होती. संध्याकाळपर्यंत रखडत का होईना चालली असती, शेवटची पानं झाली असती आणि दुकानदाराकडे जाऊन नाक घासून आले असते ते.

जुनी डिस्कही दिसली नाही.

त्यांनी ती डबीत घातली. दिवा लागला नाही. म्हणजे मशीनही गेलं आणि दोन्ही डिस्कही गेल्या. एक नवी, एक जुनी, दोन्हींवर बायकोचं सगळं काम, आणि दोन्ही आपल्या हातून गेल्या. बनियनवर बसूनही आपल्या अंगात मेली एवढी वीज आली कुठून, हे त्यांना कळेना. नोकरीच्या मुलाखतीत तर समोरचे म्हणतात की तुमच्यात जोम दिसत नाही.

ते खुर्चीत बसले. बाबांनी कधी तरी चहा करून त्यांच्यापुढे ठेवला होता. कपाला कव्हर होतं.

"काल चालत होती हो, बाबा," जावईबापू म्हणाले. "काल सगळं ठीक होतं."

बाबांनी मान हलवली.

"तसंच असतं," ते म्हणाले. "हीसुद्धा आदल्या दिवशी चालत स्वयंपाकघरात गेली होती. कप विसळले, मला ओरडली. झोपताना म्हणाली, खिडकी लावा हो, गार येतंय. मी म्हटलं, लावतो. आणि डोळा लागला माझा."

"डॉक्टर म्हणाले ना, बाबा, त्याचा काही संबंध नव्हता."

"डॉक्टर म्हणणारच. उघडं राहिलं की जातं, जावईबापू."

एकाची बायको गेली होती, आणि दुसऱ्याची संध्याकाळी येणार होती. जास्त घाबरलेला दुसरा होता, हे त्याला स्वतःलाच बरं वाटलं नाही. टेबलावर मोबाईल थरथरला. बायकोचा फोन. तो वाजून वाजून थांबला. मग पुन्हा वाजला. जावईबापू त्याच्याकडे बघत राहिले, उचलण्याचा धीर त्यांना झाला नाही. मनात ते वाक्यं जुळवत होते. "अगं, एक छोटीशी अडचण झाली आहे." छोटीशी खोडून टाकलं. "अगं, एक अडचण." मग अगंसुद्धा नको वाटलं.

शेवटी, कुठे जळाल्याची खूण तरी सापडते का बघावं, म्हणून ते जुनी डिस्क घेऊन खिडकीशी गेले. आता गेलेलीच आहे तर बोट लावायला भ्यायचं कशाला? त्यांनी सोनेरी टोकावरून अंगठा फिरवला. नख कशाला तरी अडकलं. त्यांनी हळूच ओढलं.

पातळ, पारदर्शक चिकटपट्टी वर आली. सोनेरी दातांच्या मापाने कात्रीने कापलेली, एकही बुडबुडा नाही, एकही कड वाकडी नाही. त्यांनी डिस्क उलटली. खालच्या बाजूलाही होती. त्यांनी नवी उचलली. तिलाही वरून, खालून. त्यांनी त्याही सोलून काढल्या.

असं काम करू शकणारा माणूस या घरात एकच होता.

जावईबापूंच्या डोक्यात तिडीक गेली. सकाळपासूनची थंडी, बासरी, ती "ठीक आहे सर", न उचललेले फोन, सगळं एकदम आठवलं. ते गर्रकन वळले. बाबा टेबलाशी वाकून, जीभ दातात धरून, नव्या डिस्कच्या रिकाम्या खोक्यासाठी कव्हर कापत होते. त्यांनी मान वर केली.

"सापडलं का काही?" त्यांनी विचारलं. खरोखर काळजीने विचारलं.

तेवढ्यात दारात किल्ली फिरली.

"अहो, फोन का उचलत नाही? किती फोन केले मी." बायको आत आली आणि थबकली. "तुम्ही बनियनवर का आहात?" मग तिची नजर टेबलावर गेली. पालथा लॅपटॉप, उघडं पोट. तिचा आवाज एकदम खाली आला. "माझं काम?"

"आहे. सगळं आहे. तू बस. बूटही काढू नकोस, बस फक्त."

त्यांनी नवी डिस्क बसवली. या वेळी ती लोण्यासारखी आत गेली. झाकण न लावताच लॅपटॉप सुलटा केला, बटण दाबलं. पापणी लवते न लवते तोच पडदा उजळला आणि तिची सगळी पत्रकं ओळीने हजर झाली. तिने शेवटचं पान उघडलं. ते चटकन उघडलं. तिने आणखी एक उघडलं. मग ती पाठीमागे रेलली आणि तिने डोळे पुसले.

"मग सकाळपासून काय चाललं होतं?"

चिकटपट्टी जावईबापूंच्या अंगठ्याला चिकटलेली होती. नुसता अंगठा वर केला असता तरी काम झालं असतं. एक शब्द बोलावा लागला नसता, आणि या घरात त्यांचं जे काही उरलं होतं ते शाबूत राहिलं असतं. बायको त्यांच्याकडे बघत होती. तिच्या मागे बाबा उभे होते, हातात अर्धवट कापलेलं कव्हर. लेक घरात आल्याबरोबर त्यांनी ते पाठीमागे लपवलं होतं, पण त्याचं एक टोक दिसत होतं.

जावईबापूंनी अंगठा पँटच्या खिशात घातला.

"मी उलटी बसवत होतो," ते म्हणाले.

ही डिस्क उलटी बसतच नाही. खाचच तशी असते. पण बायकोला ते ठाऊक नव्हतं, आणि नवऱ्याने एखादी वस्तू उलटी बसवली यावर कोणतीही बायको पुरावा मागत नाही. तक्रार विभागात असताना असा एखादा ग्राहक लाभला, की जावईबापू फोनवर हात ठेवून शेजारच्याला सांगायचे आणि दोघं पोट धरून हसायचे.

"उलटी?"

"हो."

"दिवसभर?"

"मधे थोडा वेळ फोनवर होतो."

ती रागावली नाही. रागावली असती तर चाललं असतं. ती त्यांच्याकडे बघत राहिली आणि तिच्या डोळ्यांत हळूहळू कीव आली. ती येताना त्यांना स्पष्ट दिसली.

"बरं," ती मऊ आवाजात म्हणाली. "शर्ट घाला आधी. आणि सर्दी झाली तर कपाटातली ती पांढरी गोळी घेऊ नका. तिने निराशा येते."

मग ती लॅपटॉप घेऊन आतल्या खोलीत गेली. जाता जाता म्हणाली, "पुढच्या वेळी दुकानात देऊ." अंधार पडायच्या आत तिचं काम गेलं. पलीकडून पुढचं कामही आलं, ते तिने दारातूनच ओरडून सांगितलं. तिच्या आवाजात कित्येक दिवसांनी जीव होता. जावईबापूंना आनंद झाला, अगदी मनापासून झाला. फक्त तो एकट्याने करावा लागला.

ते स्वेटर घालून टेबलाशी बसले. बाबा खुर्ची सरकवून त्यांच्या जवळ आले. आतल्या दाराकडे एकदा बघून त्यांनी आवाज उतरवला.

"जावईबापू, एक सांगू? तिला बोलायचं नाही."

"नाही बोलत."

"त्या दोन्ही पट्ट्यांना मी टेप लावून ठेवली होती. एकीला पहाटे, एकीला तुम्ही फोनवर होतात तेव्हा. सोन्याचं काम, आणि उघड्यावर टाकलं होतं तुम्ही." ते आणखी जवळ सरकले. "लावली म्हणून वाचलं हो. नाहीतर दिवसभर उलटी घुसवत होतात, सगळं सोनं खरवडून गेलं असतं."

जावईबापूंनी खिशातली चिकटपट्टीची गोळी बोटांत दाबली.

"बरं झालं लावलीत, बाबा. पण यापुढे मला विचारून लावत जा."

"विचारीन की." बाबांचा चेहरा खुलला. सासूबाई गेल्यापासून तो असा कोणी पाहिला नव्हता. त्यांनी जावयाच्या पाठीवर हात ठेवला, आणि मग पुष्कळ दिवस मनात घोळलेला हिशेब एकदाचा सुटावा तसे ते हळूच म्हणाले,

"इतके दिवस मला वाटत होतं, कंपनीने तुमच्यावर अन्याय केला."